आई नसलेली मांजरीची तीन-चार दिवसांची पिल्लं घरी कशी जगवायची?

तुम्ही लिहिलंय की ठाण्याला तुमच्या सोसायटीच्या मीटरच्या खोलीत तीन पिल्लं सापडली. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, नाळेचा सुकलेला तुकडा अजून पोटाला. काल रात्रीपासून मांजरी दिसलेली नाही, पिल्लं सारखी ओरडताहेत आणि तुम्ही कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजताय. जगतील का, असं विचारलंय.

जगू शकतात. पण पुढचं वाचण्याआधी एक करा. दूध बाजूला ठेवा, हात धुवा आणि करंगळी एकेका पिल्लाच्या तोंडात घालून बघा. आतून गरम लागतंय की गार? जे गार असेल त्याला दुधाचा एक थेंबही देऊ नका.

मला हे एक पिल्लू गमावल्यावर कळलं. आमचं घर चिपळूणजवळच्या गावात. पाच वर्षांपूर्वी जुलैमध्ये, पाऊस नुसता कोसळत असताना, आमच्या लाकडांच्या खोपीत व्यालेली भाटी, म्हणजे मांजरी, रस्त्यावर गाडीखाली आली. खोपीतून चार पिल्लं आणली. तीन ओरडत होती, चौथं, सगळ्यात लहान, गप्प होतं. मला वाटलं, भुकेनं गळाठलंय. म्हणून सगळ्यात आधी त्यालाच पाजलं, ड्रॉपरने, अगदी मायेनं. थोडं गिळलं, थोडं ओठांच्या कडेने बाहेर आलं. तासाभरात त्याचं पोट टम्म फुगलं आणि संध्याकाळी ते गेलं. मग तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन केला. त्यांचा सगळा वेळ गाई-म्हशींत जातो, पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तोंडात बोट घालून बघितलंत का? गार होतं?" गार होतं. हाताला लागलंही होतं, पण मी पावसाला दोष दिला होता.

पहिला आठवडाभर पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवता येत नाही. त्याला कुडकुडताही येत नाही. आईच्या पोटाशी आणि भावंडांच्या ढिगात असतं तेव्हाच ते गरम राहतं. थंड पडलं की आतडं काम थांबवतं, दूध पोटात तसंच पडून नासतं. शिवाय गिळायची ताकद नसते, म्हणून दूध श्वासनलिकेत जातं. अशा वेळी भुकेने मरायला वेळ लागतो, दुधाने लागत नाही.

गार पिल्लू हळूहळू गरम करायचं. कढत पाण्यात बुडवणं नको, हेअर ड्रायर नको. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमचं अंग. स्वेटरच्या किंवा शर्टाच्या आत, छातीशी, कातडीला लावून तासभर धरून बसा. अगदी मलूल असेल तर कोमट पाण्यात साखर विरघळवून त्यात बोट बुडवा आणि हिरड्यांना चोळा. घशात काही ओतायचं नाही. तोंड आतून गरम झालं, पिल्लू डोकं हलवून काहीतरी शोधायला लागलं, की मग दुधाचं बघायचं.

घर म्हणून पुठ्ठ्याचा खोका पुरतो, उंच कडांचा. खाली जुनी मऊ सुती साडी घडी घालून. टॉवेल घातलात तर त्याचे सुटे धागे कापून टाका, नखं अडकतात. गरम पाण्याची पिशवी किंवा घट्ट झाकणाची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लांना दुसऱ्या बाजूला सरकता येईल. बाटली उघडी अंगाला लागता कामा नये, भाजतं. पहिल्या आठवड्यात त्यांच्याभोवतीची हवा ३० ते ३२ अंश सेल्सिअस हवी. आपल्याला त्या खोक्यात हात घातल्यावर जरा उकडल्यासारखं वाटलं पाहिजे. पंखा, एसी त्या खोलीत बंद. बल्ब लावणार असाल तर हल्लीच्या एलईडीला ऊब नसते हे लक्षात ठेवा. जुना पिवळा बल्ब असेल तरच उपयोग, तोही कापडापासून दूर. आमच्याकडे वीज गेली की जायचीच, म्हणून मी बाटल्यांवरच राहिले. दोन बाटल्या, एक खोक्यात आणि एक चुलीशेजारी तयार.

आता मांजरीबद्दल. तुम्ही काल रात्रीपासून म्हणताय, म्हणून मी ती नाहीच असं धरून लिहितेय. तरी एकदा खात्री करा. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ते उगीच नाही. एकेक उचलून नेताना मधे बराच वेळ जातो. माणसाचा हात लागला की ती पिल्लं घेत नाही, हे मात्र खरं नाही. बहुतेक मांजरी घेतात. जिथे सापडली तिथे जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पातळ थर पसरून ठेवा, तासा-दोन तासांनी पावलं उमटलीत का बघा. आली असेल तर पिल्लं वर सांगितलेल्या ऊबदार खोक्यासकट तिथेच ठेवा आणि लांब जा. तिच्याएवढं चांगलं कोणालाच जमत नाही. आणि जवळपास कुठे दुसरी नुकतीच व्यालेली मांजरी असेल तर तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांना जरूर विचारा. बऱ्याच जणी परकी पिल्लं पोटाशी घेतात.

दूध. गाईचं नको. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, आणि गाईच्या दुधातली साखर या पोटांना पचत नाही. जुलाब लागतात, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाला एका रात्रीचे जुलाब पुरतात. पाणी घालून पातळ केलं तर आणखी वाईट, उरलंसुरलं पोषणही जातं. माणसाच्या बाळाची पावडरही त्यांच्यासाठी नसते. मांजरीच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. ठाण्यात पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा डॉक्टरांकडे आजच विचारा, "पिल्लांचं मिल्क रिप्लेसर" म्हणा. मला पुण्याहून एसटीच्या पार्सलने मागवावी लागली होती. मधली एक रात्र शेळीच्या दुधावर काढली. तेही पुरं पडत नाही, पण एक रात्र काढायला चालतं.

पावडरीच्या डब्यावर दिलेलं प्रमाणच घ्या, दाट करायला जाऊ नका. गुठळी राहू देऊ नका. मनगटावर थेंब टाकला की कोमट लागलं पाहिजे. उरलेलं उष्टं दूध फेकून द्या. कापसाचा बोळा आता बंद करा, कारण किती पोटात गेलं ते कळत नाही आणि धागे जातात ते वेगळंच. पिल्लांची छोटी बाटली मिळाली तर उत्तम. तिच्या रबरी बुचाला, म्हणजे चोखायच्या बोंडाला, भोक स्वतः पाडावं लागतं. बाटली उलटी धरली की एकेक थेंब सावकाश पडला पाहिजे, धार नाही. नाहीतर औषधाच्या दुकानातून बिनसुईची १ मिलीची सिरिंज आणा.

पाजताना पिल्लाला बाळासारखं उताणं धरू नका. ही चूक जवळजवळ सगळे करतात, कारण आपल्याला तसंच सुचतं. पिल्लू पालथं, पोटावर, मांडीवरच्या पंचावर ठेवा. डोकं जरासं वर. आईला लुचताना ते असंच असतं. पुढचे पाय पंचावर मळायला लागतील, कणीक मळल्यासारखे, आणि कान प्रत्येक घोटाबरोबर हलतील. उरलेल्या तिघांतल्या आमच्या गोटीने पहिल्यांदा नीट लुचायला सुरुवात केली तेव्हा जिभेची पन्हळ करून तिने बूच असं पकडलं की हलक्या हाताने ओढलं तरी सुटेना. कान मागेपुढे, मागेपुढे. ते कान हलताना दिसले की समजा दूध पोटात जातंय. सिरिंज असेल तर दांडा आपणहून दाबत सुटू नका. एक थेंब, गिळणं, मग दुसरा थेंब. नाकातून दूध आलं तर तिथेच थांबा, डोकं खाली करा, नाक पुसा. त्यानंतर श्वासाला घरघर लागली किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी जेमतेम ४ मिली मावतं. म्हणून थोडं आणि सारखं. पहिल्या आठवड्यात दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दुसऱ्यात तीन तासांनी, तिसऱ्यात चार. एकट्याने हे होत नाही. आमच्या घरी बाराचं आणि दोनचं पाजणं माझं, पहाटे चारचं ह्यांचं. घरात कुणाला तरी आजच सामील करून घ्या, तिसऱ्या रात्री झोपेने हात चुकतो.

पाजून झालं की काम अर्धंच झालं. एवढ्या लहान पिल्लाला शी-शू आपणहून होत नाही. आई चाटते तेव्हा होते. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापूस घ्या आणि शेपटीखाली हलक्या हाताने, चाटल्यासारखा, मिनिटभर फिरवा. शू प्रत्येक वेळी झाली पाहिजे, फिकट पिवळी. गडद असेल तर अंगात पाणी कमी पडतंय. शी दिवसातून एक-दोनदा, मोहरीच्या रंगाची, टूथपेस्टइतकी घट्ट. पांढुरकी किंवा पाण्यासारखी झाली तर पुढच्या खेपेला दूध कमी करा आणि डॉक्टरांशी बोला. हे साधारण तीन आठवडे करावं लागतं. पुसून कोरडं केल्याशिवाय खोक्यात ठेवू नका, ओलं पिल्लू म्हणजे पुन्हा थंड पिल्लू.

स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढा. रोज सकाळी, पाजण्याआधी, त्याच वेळी वजन. मी कालनिर्णयच्या चौकटीत लिहायचे, दूधवाल्याच्या लिटरांच्या खाली: गोटी ९८, बंड्या १०४, पिंगळी ११०. रोज १० ग्रॅमच्या आसपास वाढ हवी. गोटी आठव्या दिवशी १७६ झाली तेव्हा मी ह्यांना शेतातून हाक मारून बोलावलं. एक दिवस वाढ नाही झाली तर नजर ठेवा. घटलं तर थांबू नका, दवाखाना गाठा. पिल्लू दिसायला बरं असतं, वजन आधी सांगतं.

पिसवा दिसल्या तर त्याही जीव घेतात, एवढ्याशा अंगातलं रक्तच किती. पण बाजारातली पिसवांची पावडर किंवा फवारा या वयात वापरू नका. बारीक दातांच्या फणीने काढा, किंवा मानेखालून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने पटकन धुऊन लगेच कोरडं आणि गरम करा. खोका पुसायला फिनेल, डेटॉल यांतलं काही नको. मांजराच्या यकृताला ते झेपत नाही. कापूरही जवळ नको. पॅरासिटामॉल तर मोठ्या मांजरालाही मारतं, तापाचं म्हणून देऊ नका.

आणखी एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. आई नसलेली पिल्लं एकमेकांचं शूचं ठिकाण लुचायला लागतात. तिथे सूज येऊन लघवी अडते. तसं दिसलं तर मधे पुठ्ठ्याचा आडोसा घाला, ऊब सगळ्यांना मिळेल असा.

सात ते चौदा दिवसांत डोळे उघडतील. निळसर, धूसर. बोटांनी उघडायचा प्रयत्न करू नका. पापण्यांमागे पू दिसला किंवा फुगवटा आला तर मात्र दाखवा. तीन आठवड्यांनी लडबडत चालतील, चौथ्याला बशीतलं चाटायला लागतील आणि बाकी सगळं सोपं होतं. जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून आणि लस सहा ते आठ आठवड्यांपासून, दोन्ही डॉक्टरांना विचारून. आठ आठवड्यांच्या आत कुणाला देऊन टाकू नका. चावणं कुठे थांबवायचं हे ती एकमेकांकडूनच शिकतात.

सगळं नीट करूनही एखादं जातं. जन्मतःच आत काही कमी असतं, बाहेरून दिसत नाही. तसं झालं तर इतर दोघांची वेळ चुकवू नका, त्यांना दोन तासांनी दूध लागणारच आहे.

आज रात्रीपुरतं एवढंच बघा: तिघांची तोंडं गरम, खोका गरम, दूध थोडं, पोटावर पालथं, मग ओला कापूस. उद्या सकाळी तिघांचं वजन आणि शीचा रंग इथे खाली लिहा. त्यावरून प्रत्येकाला किती मिली द्यायचं ते मी सांगते. मी पहाटे पाचला उठलेली असते.