शब्दचर्चा : ‘पेव’ शब्द आला कोठून?

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यातील आमच्या जुन्या वाड्यासमोर फरशीने झाकलेला एक खोल खड्डा आहे. घरातील वडीलधारी मंडळी त्याला ‘पेव’ म्हणतात. वर्तमानपत्रांत मात्र ‘शिकवणीवर्गांचे पेव फुटले’ असे वाचायला मिळते. हा शब्द मूळचा कोणता, आणि कणगी व बळद यांहून पेव वेगळे कसे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेले कोठार. कणगी तुरकाठ्यांची किंवा बांबूची विणून शेणामातीने लिंपलेली असते, तर बळद वाड्याच्या बांधकामातच केलेले असते. पेवाचे तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद आणि आतला घेर रांजणासारखा फुगीर असतो. काळ्या रानात ओल धरते, म्हणून पेव गावठाणातील पांढरीत किंवा कठीण मुरमात घेत. ते आतून लिंपून, जाळ करून वाळवीत, तळाला व कडेने कडबा लावून ज्वारी ओतीत आणि तोंडावर फरशी ठेवून मातीने बंद करीत. कोंडलेल्या हवेतील प्राणवायू धान्याच्या व किड्यांच्या श्वसनाने संपत जातो, त्यामुळे कीड तगत नाही; मात्र त्याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणे जिवावर बेतते. जुनी माणसे आधी कंदील सोडून पाहत आणि तो विझला तर कोणी खाली उतरत नसे. आपल्याकडील पेवातही कोणी कुतूहलाने उतरू नये, ही कळकळीची विनंती.

‘कोठार’ हा शब्द संस्कृत ‘कोष्ठागार’पासून आला, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे. दुष्काळात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी लोकांसाठी खुली केली, असे परंपरा सांगते, ती बादशाही कोठारेच. ‘पेवा’चे मूळ मात्र संस्कृतात शोधण्यापेक्षा शेजारच्या कन्नडात पाहावे, असे मला वाटते. जमिनीखालच्या कोठाराला कन्नडात ‘हगेवु’ म्हणतात. जुन्या कन्नडातील शब्दारंभीच्या ‘प’चा पुढे ‘ह’ झाला. दुधाचा ‘पाल्’ आज ‘हालु’ आहे. त्या न्यायाने ‘पगेवु’ हे जुने रूप धरले आणि मधला ‘ग’ गळाला, की ‘पेव’ सहज सिद्ध होते. कन्नडाने सोडलेला ‘प’ मराठीने जपला, आणि जिथे दोन्ही भाषा एकाच बाजारात बोलल्या जातात त्या सोलापुरास यात नवल वाटू नये.

राहिला वाक्प्रचार. गच्च भरलेले पेव फुटले की धान्य आवरता येत नाही. त्यावरून एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट होणे, हा अर्थ रूढ झाला. त्यात नापसंतीची छटा आहे, म्हणून ‘चांगल्या ग्रंथालयांचे पेव फुटले’ असे कोणी लिहीत नाही.