‘अबव्ह’ आधी की आकडा आधी?

कळसूबाईच्या माहितीचं इंग्रजी करणाऱ्या एका ट्रेकर वाचकाने विचारलंय: ‘समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंचीवर’ याचं ‘अबव्ह १६४६ मीटर्स फ्रॉम सी लेव्हल’ केलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘अबव्ह’ला चिकटून आकडा आला की इंग्रजी वाचणारा ‘त्याहून जास्त’ असं समजतो. म्हणजे कळसूबाई बसल्या जागी उंच झाली! ‘१६४६ मीटर्स अबव्ह सी लेव्हल’ असं हवं. आधी माप, मग दिशा, शेवटी मोजायला सुरुवात केली ती जागा. आपण जागा, माप, ‘वर’ या क्रमाने जातो. तुम्ही मराठी वाक्य शेपटीकडून वाचत गेलात, तिथे घोटाळा झाला. पुण्याच्या दक्षिणेला दहा किलोमीटर म्हणायचं तरी साचा तोच: ‘टेन किलोमीटर्स साउथ ऑफ पुणे’.

खरी गंमत खिडकीची. ‘दहा फूट उंचीची खिडकी’ आणि ‘दहा फूट उंचीवरची खिडकी’. पहिलीतून हत्ती जाईल, दुसरीला शिडी लागेल. एवढा फरक मराठीत एकटा ‘वर’ पेलतो आणि तो शब्दाला चिकटलेला असल्यामुळे आपण वाक्य कसंही फिरवू शकतो. इंग्रजीत पहिली खिडकी ‘अ टेन-फूट-हाय विंडो’, दुसरी ‘अ विंडो टेन फीट अप’ किंवा ‘टेन फीट अबव्ह द ग्राउंड’. माप नामाच्या आधी आलं तर ते त्या वस्तूचं स्वतःचं. जागेचं माप नामामागून येतं. ‘द विंडो इज टेन फीट हाय’ मात्र मी टाळतो, कारण त्यातून दोन्ही अर्थ निघू शकतात.

आणि हो, ‘टेन-फूट’मध्ये ‘फीट’ का नाही? जुन्या इंग्रजीत इथे षष्ठीचं अनेकवचन ‘फोटा’ यायचं, ते झिजून ‘फूट’ उरलं. दिसायला एकवचन, एवढंच.

माणसाला ‘टॉल’, डोंगराला ‘हाय’ हे ठाऊक असेलच. पण चार फुटी माणूसही इंग्रजीत ‘फोर फीट टॉल’च असतो. ‘फोर फीट शॉर्ट’ म्हटलंत तर कुठेतरी चार फूट कमी पडले असा अर्थ होईल. आपणही कुणाला ‘चार फूट बुटका’ म्हणत नाहीच की.