लिंक झाला, मग चालत का नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी डिचोलीचा, फर्मागुढीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या काजूच्या कारखान्यातल्या वजनकाट्याचं रीडिंग उबुंटूवर घ्यायला सीमध्ये प्रोग्राम लिहिला. लिबमॉडबस, म्हणजे अशा यंत्रांशी मॉडबस पद्धतीने बोलणारी लायब्ररी (तयार कोडचा संच), सोर्सवरून बांधून ‘मेक इन्स्टॉल’ केली. कंपाइल सुरळीत झालं, पण चालवला की ‘लिबमॉडबस.एसओ.५ : कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. फाइल तर /यूएसआर/लोकल/लिबमध्ये समोर दिसते! एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी कुठल्या फोल्डरांत शोधायची ते सांगणारा व्हेरिएबल) एक्स्पोर्ट केला तेव्हा चालला. पण सुडो लावला की तीच एरर, आणि सिस्टिमडीच्या, म्हणजे मशीनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या, सर्व्हिसमधून चालवला तरी तीच. बाबा रोज विचारतात, काटा कधी जोडणार?

उत्तर : तुझी फाइल जागेवर आहे आणि प्रोग्रामही बरोबर आहे. लायब्ररी शोधणारे दोघं आहेत आणि तू त्यांना एकच समजतोयस, एवढीच चूक.

पहिला लिंकर, म्हणजे एलडी; प्रोग्राम बांधताना त्याची लायब्ररीशी जोडणी करणारा. जीसीसी शेवटी त्यालाच बोलावतं. स्मॉल एलला जोडून ‘मॉडबस’ लिहिलंस की तो लिबमॉडबस.एसओ ही फाइल शोधतो : आधी कॅपिटल एलने दाखवलेल्या फोल्डरांत, मग स्वतःच्या ठरलेल्या जागांत. उबुंटूवर /यूएसआर/लोकल/लिब या ठरलेल्या जागांतच येतं, म्हणून तुझं काम कॅपिटल एलशिवाय झालं. फाइल सापडली की तिच्या पोटात लिहिलेलं एसओनेम, म्हणजे लायब्ररीचं स्वतःचं नाव, तो वाचतो, तुझ्या बाबतीत लिबमॉडबस.एसओ.५, आणि तेवढं नाव तुझ्या प्रोग्राममध्ये ‘नीडेड’ म्हणून नोंदवतो. फोल्डर नोंदवत नाही. पाकिटावर माणसाचं नाव घातलं, गाव आणि वाडा घातलाच नाही, तशी ती नोंद. तू ‘रीडएल्फ -डी’ करून स्वतः बघ. ती ओळ एकदा डोळ्यांनी पाहिली की निम्मा गोंधळ संपतो.

दुसरा शोधणारा लोडर, एलडी-लिनक्स; प्रोग्राम चालवताना लायब्ररी शोधून आणणारा. प्रोग्राम सुरू करताना कर्नल त्यालाही मेमरीत आणतं आणि आधी त्यालाच चालवतं. लिंकरला फाइल कुठल्या फोल्डरात मिळाली, याचा त्याला पत्ता नसतो. तो आपल्या क्रमाने जातो. आरपाथ आणि रनपाथ म्हणजे लिंक करताना प्रोग्राममध्येच कोरून ठेवलेले फोल्डरांचे पत्ते. प्रोग्राममध्ये आरपाथ कोरलेला असेल आणि रनपाथ नसेल, तर आधी आरपाथ, मग एलडी_लायब्ररी_पाथ, मग रनपाथ, मग /ईटीसीमधली एलडी.एसओ.कॅश, म्हणजे कुठली लायब्ररी कुठे आहे याची तयार यादी; आणि सगळ्यात शेवटी /लिब, /यूएसआर/लिबसारखी मूळ फोल्डरं. नीट बघ, या यादीत /यूएसआर/लोकल/लिब कुठेच नाही. लोडर तिथे पोचतो तो कॅशमधूनच. आणि कॅश आपणहून ताजी होत नाही, ती एलडीकॉन्फिग बनवतो. तुझी लायब्ररी आज आली, कॅश आधीचीच राहिली.

तेव्हा ‘सुडो एलडीकॉन्फिग’ एकदा चालव. मग ‘एलडीकॉन्फिग -पी’च्या यादीत मॉडबस शोध, दिसलं की झालं. तू ‘मेक इन्स्टॉल’ केलंस तेव्हा स्क्रीनवर तुटक रेघांच्या मधे एक लांबलचक इंग्रजी सूचना आली असेल. तिच्यात हेच उपाय दिलेले असतात. माझी कळकळीची विनंती, ती सूचना एकदा सावकाश वाच.

सुडोचं कोडंही सुटण्यासारखं आहे. सुडो सेटयूआयडी प्रोग्राम आहे, म्हणजे कोणीही चालवला तरी तो रूटच्या, सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतो. अशा प्रोग्रामला लोडरने बाहेरून आलेला एलडी_लायब्ररी_पाथ मानला असता, तर कोणीही आपली खोटी लायब्ररी पुढे करून रूट झाला असता. म्हणून लोडर तो व्हेरिएबल तिथे काढूनच टाकतो. आणि सिस्टिमडीची सर्व्हिस तुझी बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल) वाचत नाही, त्यामुळे टर्मिनलमधला एक्स्पोर्ट तिच्यापर्यंत पोचत नाही. सिरियल पोर्ट उघडत नाही म्हणून सुडो लावत असशील तर तेही सोड. स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (त्याला सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असते) घाल आणि एकदा लॉगआउट करून परत ये.

एलडी_लायब्ररी_पाथ कायमचा लिहून ठेवू नकोस, हे मी सोसून सांगते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी मशीनं सांभाळायची. एका पॅकेजने आपल्या फोल्डरात लिबएसटीडीसी++.एसओ.६ची, म्हणजे सी++च्या मूळ लायब्ररीची, स्वतःची जुनी प्रत आणली होती. ते चालावं म्हणून मी त्या फोल्डराचा पाथ /ईटीसी/प्रोफाइलमध्ये, सगळ्यांसाठी, लिहिला. दुसऱ्या सकाळी ज्यांचा त्या पॅकेजशी काही संबंध नव्हता असे प्रोग्रामही बंद : ‘जीएलआयबीसीएक्सएक्स व्हर्शन नॉट फाउंड’. नवे प्रोग्राम ती जुनी प्रत उचलत होते, कारण हा पाथ कॅशच्या आधी बघितला जातो. चवथीचा आदला दिवस होता. घरी गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधायची थांबली होती आणि मी संध्याकाळपर्यंत एकेक मशीन धरून बसले होते. शेवटी ‘एलडी_डिबग=लिब्ज’ लावून प्रोग्राम चालवला, तेव्हा लोडर कुठल्या फोल्डरात डोकावतो आणि कुठली फाइल उचलतो, ते ओळीओळीने समोर आलं. तेव्हापासून मी अंदाज करत बसत नाही, आधी हे लावते.

हाच प्रोग्राम कारखान्यातल्या दुसऱ्या मशीनवर न्यायचा असेल आणि तिथे काही इन्स्टॉल करायचं नसेल, तर लिबमॉडबस.एसओ.५ प्रोग्रामच्याच फोल्डरात ठेव आणि लिंक करताना आरपाथमध्ये डॉलर ओरिजिन दे. ‘मी जिथे आहे तिथेच बघ’ असा त्याचा अर्थ. डॉलर ओरिजिन एकेरी अवतरणात लिही, नाहीतर शेल त्याला आपला व्हेरिएबल समजून रिकामा करून टाकतो. उबुंटूवर अशी नोंद रनपाथ म्हणून होते आणि रनपाथ फक्त तुझ्या प्रोग्रामने थेट मागितलेल्या लायब्ररींना लागतो; लायब्ररीने आणखी लायब्ररी मागितली तर तिला लागत नाही. तुला आता त्याची अडचण नाही, पुढे येईल तेव्हा आठवण ठेव.

प्रश्न : मशीनवर एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी आहे, दुसरे प्रोग्राम तिच्यावर चालतातही. मी लिंक केलं की ‘कॅनॉट फाइंड -एलएसक्यूलाइट३’ येतं. — एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमचं वरच्या मुलाच्या अगदी उलट आहे : लोडरला मिळते, लिंकरला मिळत नाही. चालवायला लिबएसक्यूलाइट३.एसओ.० पुरते, पण लिंकर शेवटच्या आकड्याशिवायचं नाव शोधतो, लिबएसक्यूलाइट३.एसओ. ती बहुधा नुसती सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल, असते आणि डेबियन, उबुंटूवर ती वेगळ्या पॅकेजात येते. लिबएसक्यूलाइट३-डेव्ह इन्स्टॉल करा. हेडर फाइलही, म्हणजे लायब्ररीतल्या फंक्शनांची ओळख कंपाइलरला देणारी फाइल, त्यातच मिळेल. काहीजण हाताने सिमलिंक बनवून मोकळे होतात. तसं करू नका : हेडर एका व्हर्शनचं आणि लायब्ररी दुसऱ्या व्हर्शनची झाली, तर लिंक निमूट होईल आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळेल.

आणि तुम्ही दोघांनीही, कोणाकडून आलेल्या अनोळखी प्रोग्रामवर एलडीडी (प्रोग्रामला कुठल्या लायब्ररी लागतात ते दाखवणारी कमांड) चालवू नका. काही वेळा तो प्रोग्रामच चालवला जाऊ शकतो. त्यासाठी ‘ऑब्जडम्प -पी’ वापरा, तो फाइल नुसती वाचतो.