‘ही नागमोडी रेघ कसली गं?’

संडे स्कूल सांभाळणाऱ्या, मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, कुणाच्याही अडीअडचणीला धावून जाणाऱ्या बायका चाळिशीच्या आसपास ख्रिस्ती समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला नाव घालतात आणि पहिलं वर्ष सरायच्या आत त्यांतल्या काही माझ्याकडे सल्ल्याला येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो: “मॅडम, देवाचं काम शिकायला निघालेय, मग घरात एवढं अपराधी का वाटतं?”

अशाच एका ताईंची ही हकिगत. त्यांच्या परवानगीने सांगतेय, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. माहेर अहिल्यानगरकडचं, सासर पिंपरीत. नवरा कंपनीत शिफ्टला, मुलगी नववीत, मुलगा चौथीत, सासूबाई घरातच. सेमिनरीचे, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजचे, वर्ग शनिवारी, बाकी वाचन आणि असाइनमेंट रात्री, ओटा आवरल्यावर.

“अपराधी वाटतं” यावर बोलत बसलं तर तास निघून जातो आणि हाती काही लागत नाही. म्हणून मी शेवटचं भांडण विचारते. ताई म्हणाल्या, भांडण झालंच नाही, तेच तर वाईट.

झालं होतं असं. समुपदेशन शिकणाऱ्यांना जेनोग्राम, म्हणजे कुटुंबातल्या नात्यांचा नकाशा, काढायला लावतात: तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, दोघांत ताण असेल तिथे नागमोडी रेघ. ताईंनी प्रामाणिकपणे राहत्या घराचाच काढला आणि कागद टेबलावर राहिला. सासूबाई तिथे मेथी निवडायला बसल्या. थोड्या वेळाने एका वर्तुळावर बोट ठेवून म्हणाल्या, “ही मी ना? मग ही नागमोडी रेघ कसली गं?” ताई म्हणाल्या, “अभ्यासाचं आहे, आई.” सासूबाईंनी मेथी निवडून दिली. रविवारी उपासनेला मात्र वेगळ्या बाकावर बसल्या.

लेकीची तक्रार वेगळीच. “मम्मी, ‘तुला नेमकं काय वाटतंय’ असं विचारू नकोस. त्यापेक्षा ओरड.” नवं शिकलेलं पहिल्यांदा घरच्यांवरच वापरलं जातं, हे मी बहुतेक विद्यार्थ्यांत पाहते. घरच्यांना ते कळतंही लगेच.

पण खरी गाठ पाचारणापाशी, म्हणजे देवाने सेवेसाठी बोलावण्यापाशी, होती. अभ्यासावरून घरात काही निघालं की ताईंचं शेवटचं वाक्य ठरलेलं: “मला देवाचं पाचारण आहे.” नवरा विश्वासू माणूस. देवाशी वाद कसा घालणार? मग तो डब्यावरून, लाइट बिलावरून कुरकुर करायचा. ताईंचं पाचारण खरं असेल, मी त्यात पडत नाही. पण शनिवारी मुलाला क्लासला कोण सोडणार, याचं उत्तर त्यात नसतं.

नवऱ्याला बोलावलं. त्याच्या मनातलं दोन मिनिटांत बाहेर आलं: “फी भरतोय. पुढे काय?” मी सरळ सांगितलं. सेमिनरीच्या पदवीवर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. मंडळीत, एखाद्या संस्थेत काम मिळू शकतं, पण पगाराचा भरवसा धरू नका. ताईंचा चेहरा उतरला. नवरा मात्र सैल झाला. कुणीतरी पैशांचं उघड बोललं, एवढंच त्याला हवं होतं.

ताईंनी मध्येच पंडिता रमाबाईंचा दाखला दिला: लेक लहान असताना त्या शिकल्याच ना? शिकल्या. 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती, पुढे त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजातही होत्या. पण मनोरमेला सांभाळायला वाँटेजच्या मठातल्या सिस्टर्स होत्या. “तुमच्या सिस्टर्स कोण?” मी विचारलं. ताई गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “आईच की.” आणि त्याच आईंच्या वर्तुळाला नागमोडी रेघ!

पुढचं पटापट झालं. ताईंनी एक विषय पुढच्या सत्रावर ढकलला. शिक्षकांशी बोलून जेनोग्राम माहेरचा, स्वतःच्या आईला विचारून, नव्याने काढला. पहिल्या शिफ्टच्या आठवड्यांत रात्रीची भांडी नवऱ्याकडे आली. ती तो रोज घासतोच असं नाही. सासूबाईंशी ताई एकट्याच बोलल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. शनिवारचं घर सांभाळायला त्या तयार झाल्या, पण अट घातली: यापुढे वहीत माझ्याबद्दल काही लिहायचं असेल तर आधी मला वाचून दाखवायचं.

ताई म्हणतात, त्या अटीमुळे असाइनमेंट दोनदा उशिरा गेली.