बिल नव्हे, त्याआधीची नोटीस शोधा

प्रश्न : इंदिरानगरमधल्या आमच्या रो-हाऊसची घरपट्टी यंदा जवळपास तिप्पट आली. अंदाजपत्रकात करवाढ नाही, असं वाचलं होतं. मध्यंतरी महापालिकेची एक नोटीस आली होती, ती तशीच राहिली. बिलाविरुद्ध कोर्टात जाता येईल का?

उत्तर : घरपट्टीच्या बहुतेक पत्रांत ‘ती तशीच राहिली’ हे वाक्य असतंच, आणि घोडं तिथेच अडतं. २० फेब्रुवारीपर्यंत महापालिका ठरवते ते कराचे दर. ते वाढले नसतील. तुमच्या घराचं करयोग्य मूल्य, म्हणजे वार्षिक भाडेमूल्य वजा १० टक्के, वाढवलेलं दिसतं. त्यासाठी विशेष नोटीस द्यावी लागते. तुम्ही बाजूला टाकलेला कागद बहुधा तोच.

त्यातल्या मुदतीत लेखी हरकत घेतली नसेल, तर मूल्याविरुद्धचं अपील उभं राहणं कठीण. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४०६ नुसार आधी आयुक्तांकडे तक्रार होऊन ती निकाली निघालेली लागते. बिलापासून १५ दिवसांत अपील होतं, पण ते कराच्या मागणीवर; मूल्याचा वाद त्यात मागच्या दाराने आणता येत नाही. वादातली रक्कमही आधी भरावी लागते.

मुदत उरली असेल तर आजच विभागीय कार्यालयात हरकत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ‘कर फार आहे’ एवढंच लिहू नका, अशी हरकत फेटाळायला एक ओळ पुरते. नोटिशीतलं क्षेत्रफळ आणि वापर तपासा. स्वतः राहता तिथे ‘भाडेकरू’ लागलंय का? पार्किंग अनिवासी धरलंय का? मंजूर नकाशा, भोगवटा दाखला, वीजबिल जोडा.

नोटीस सापडतच नसेल, तर माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आकारणी नोंदीचा उतारा आणि नोटीस बजावल्याची पोच मागा. बजावणीच झालेली नसेल तर मुद्दा आहे. तो किती टिकेल, हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

बिल मात्र थकवू नका. दरमहा २ टक्के शास्ती चढते, आणि कोर्टाच्या तारखा तिच्यासाठी थांबत नाहीत. ‘हक्क राखून’ असं पत्र देऊन भरा. मुदत गेलीच असेल तर पुढल्या वर्षाच्या जाहीर नोटिशीवर हरकत घ्या. ती मान्य झाली तरी यंदाचे पैसे परत मिळतील, असं धरून चालू नका.