शीर काढून टाकल्यावर रक्त जाणार कुठून?

प्रश्न : माझे वय ५२ असून पंचवीस वर्षे शिक्षिका म्हणून उभ्यानेच काम झाले. डाव्या पोटरीवर शिरांच्या निळसर गाठी आल्या आहेत आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडू लागली आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे. शीरच काढली तर रक्त वर कसे जाणार? लेसर बरे की जुनी पद्धत? गाठी पुन्हा येतात का?

उत्तर : आपली पहिली शंका बहुतेक रुग्णांच्या मनात असते, आणि ती रास्तच आहे. पायातील सुमारे ९० टक्के रक्त स्नायूंच्या आत असलेल्या खोल शिरांमधून वर जाते. कातडीखालच्या शिरांकडे थोडाच वाटा असतो. घोट्यापासून जांघेपर्यंत जाणाऱ्या लांब शिरेतील झडपा निकामी झाल्या, की वर चढलेले रक्त उभे राहताच पुन्हा खाली उतरते, म्हणजे ती शीर मदत करण्याऐवजी भारच वाढवते. ती बंद केल्याने रक्ताची वाट अडत नाही. मात्र खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हे आधी डॉप्लर सोनोग्राफीने (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीने) पाहावेच लागते, आणि झडपांची गळती नीट दिसावी म्हणून ही तपासणी उभे करून केलेली बरी.

जुन्या पद्धतीत जांघेत छेद देऊन शीर मुळाशी बांधतात आणि तारेवर ओढून काढतात. गुडघ्याच्या खाली संवेदनेचा एक मज्जातंतू या शिरेला अगदी चिकटून जात असल्याने त्याला इजा होऊन घोट्याजवळ बधिरपणा राहू शकतो. म्हणून बहुधा शीर गुडघ्यापर्यंतच काढतात. लेसर किंवा रेडिओ लहरींच्या उपचारात सोनोग्राफीत पाहत पाहत सुईवाटे बारीक नळी शिरेत सरकवतात, शिरेभोवती भुलीचे पातळ द्रावण भरतात आणि आतून उष्णता देऊन शीर जागेवरच बंद करतात. पोटरीवरच्या गाठी मात्र त्याने लगेच जातीलच असे नाही. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून आकड्याने वेगळ्या काढाव्या लागतात. शीर सरळ असेल, तर मी उष्णतेच्या उपचाराला आधी पसंती देईन, कारण त्यात वेदना कमी होतात आणि माणूस लवकर कामाला लागतो. फार वेड्यावाकड्या शिरेत नळीच पुढे सरकत नाही, तेव्हा जुनी शस्त्रक्रिया किंवा फेसाचे इंजेक्शन (शिरेत औषधाचा फेस सोडून ती बंद करणे) उपयोगी पडते.

काळवंडलेली कातडी पुढे जखम होण्याची पूर्वसूचना असते, त्यामुळे केवळ पाय आवळून धरणाऱ्या घट्ट मोज्यांवर वेळ काढू नये. गाठी काही वर्षांनी पुन्हा येऊ शकतात, कारण उपचार एका शिरेवर होतो आणि दुसऱ्या शिरेच्या झडपा नंतर बिघडू शकतात. उपचारानंतर त्याच दिवशी चालू लागावे. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.