गाठ हाताला लागली की बाजार विसरा

पशुसंवर्धन खात्यात नोकरी केल्यामुळे गोठा, बाजार आणि कचेरी या तिन्हीकडचे प्रश्न माझ्याकडे येतात. यावेळचे चार.

खिलार बैलाला दोन दिवस ताप आहे, मानेवर गाठी आल्यात. रविवारच्या बाजारात गिऱ्हाईक ठरलंय, इसारही घेतलाय. डॉक्टरांना कळवलं तर बाजार बंद होईल आणि गाव मला बोल लावेल. काय करू?

इसार परत करा आणि आजच कळवा. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा 1962 हा टोल फ्री क्रमांक, काहीही चालेल. लक्षणं लम्पी या गाई-बैलांच्या त्वचारोगाची वाटतात, पण खात्री डॉक्टरांनाच करू द्या. तोवर बैल दावणीतून सोडून वेगळा बांधा, त्याची वैरण-पाण्याची भांडीही वेगळी ठेवा. गोठ्यात संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करा, कारण हा रोग माश्या, डास आणि गोचिडांमार्फत फिरतो. 2009 च्या केंद्रीय कायद्याने अशा रोगाची खबर देणं आणि आजारी जनावर वेगळं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे.

2022 साली ऑगस्टच्या सुरुवातीला रावेर तालुक्यातल्या चिनावलमध्ये लम्पी दिसला आणि सप्टेंबरात सगळं राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर करावं लागलं. बाजार बंद व्हायच्या आधी मी एका बाजाराच्या फाटकावर तपासणीला उभा होतो. एका बैलाच्या मानेला ओली हळद-माती फासलेली होती. हात फिरवला तर खाली सुपारीएवढ्या चार गाठी. म्हातारे मालक हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, सोसायटीचा हप्ता आहे." त्यांच्या टेम्पोतून आणखी पाच जनावरं आली होती, एकमेकांना खेटून. सगळी परत पाठवली. रागावण्याचं मनात आलं नाही, पोटात मात्र गोळा आला.

त्यावेळी जनावर दगावलं तर सरकारने दुभत्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये दिले. ते योग्यच होतं. पण ज्याने वेळेत कळवलं, ज्याचा बैल जगला पण ऐन हंगामात दावणीलाच राहिला, त्याच्या हाती काही पडलं नाही. मला हे चुकीचं वाटतं. खबर देणाऱ्याचा तोटा सरकारने उचलला पाहिजे, नाहीतर लोक हळदच फासतील.

गावातल्या निरोगी जनावरांना लम्पीसाठी गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची, लस टोचून घ्या. तिचा असर यायला साधारण तीन आठवडे लागतात, तोवर नवं जनावर दावणीला आणू नका.

लम्पी झालेल्या गाईचं दूध मुलांना द्यावं का?

लम्पी माणसाला होत नाही. दूध उकळून द्या. मला जास्त काळजी गाभडलेल्या गाईची वाटते, तिथे ब्रुसेला हा गर्भ पाडणारा रोग असू शकतो आणि तो माणसाला होतो. गाईची वार, म्हणजे जार, उघड्या हाताने काढू नका. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना त्याची लस एकदाच टोचतात, ती चुकवू नका.

म्हशीच्या कानातला बिल्ला तुटून पडला. बाजारात घेतील का?

नाही. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्रीला मनाई आहे. दवाखान्यात जा, नवा बिल्ला मारून जुन्या नोंदीला जोडून घ्या. जुना 12 अंकी क्रमांक लसीच्या कार्डावर किंवा विम्याच्या कागदावर सापडेल. दलालाकडून दुसऱ्या जनावराचा बिल्ला घेऊन अडकवू नका. त्या क्रमांकामागे लसीची नोंद असते, खोट्या क्रमांकाने तीही खोटी होते.

मी नगरपालिका हद्दीत बसस्टँडजवळ अंडी विकते. पथकाने काटा आणि अंड्यांचे ट्रे उचलून नेले. दाद कुठे मागू?

पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा तुमच्या बाजूने आहे, ताई. जप्त मालाची यादी करून तिची सही केलेली प्रत तुम्हाला देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. अंडी नाशवंत आहेत, हे अर्जात स्पष्ट लिहा. शहरात पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कुणाला हटवता येत नाही. ते झालंय का, हे नगर पथविक्रेता समितीत विचारा. तिथे किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच असतात आणि त्यांच्यात एक तृतीयांश जागा बायकांच्या. अर्ज दोन प्रतींत करा, एकीवर पोच घ्या, आणि उद्या पुन्हा गाडी आली तर आधी यादी मागा.